भोईरमामा आणि वीस वर्षांची पोटदुखी

भोईरवहिनी, डॉक्टरसाहेब, सिस्टरबाई, कॅम्प एकमधले शेजारी, बदलापूरकडून आलेली मामांची भावकी, आणि बुवापाड्यातले माझे सगळे बंधू-भगिनी,

जयभीम. नमस्कार.

आज बोलणं कठीण आहे. शोकसभेत प्रत्येकजण असंच म्हणतो, पण माझी अडचण वेगळी आहे. ही सभा नर्सिंग होमच्या गच्चीवर भरली आहे आणि आपल्या पायाखाली वॉर्ड आहे. मी जिना चढत होतो तेव्हा सिस्टरबाईंनी मला अडवलं. म्हणाल्या, "भाऊ, खाली दोन सिझेरियन आणि एक हर्निया आहे. टाके ताजे आहेत. हळू बोला." मित्रहो, मी उभं आयुष्य अंबरनाथच्या कारखान्यांच्या गेटवर बोललो. भोंगा वाजत असताना बोललो. हळू कसं बोलायचं ते मला कुणी शिकवलंच नाही. तरी प्रयत्न करतो.

जनार्दन भोईर गेले. आपले भोईरमामा गेले. बदलापूरच्या पलीकडच्या गावातला हा शेतकऱ्याचा मुलगा. इथे कंपाउंडर म्हणून लागला आणि मग, इथल्या कुणी ऐकलाही नव्हता असा एक धंदा त्याच्या गळ्यात पडला. मेडिक्लेम. आज हा शब्द भाजीवालीलाही माहीत आहे. तेव्हा तो नवा होता. लोक पॉलिसी काढत, ऑपरेशन करून घेत, कागद कंपनीला पाठवत, आणि कागद परत येत. इथल्या डॉक्टरांना, म्हणजे ज्यांना सगळा कॅम्प, ही अख्खी सिंधी वस्ती, 'साईं' म्हणते त्यांना, कळेना की चूक कुठे होते आहे. त्यांनी जिन्याखाली एक टेबल टाकलं, मामांना तिथे बसवलं आणि म्हणाले, "भोईर, ये कागज का बीमारी तू देख. पेट का मैं देखता हूँ."

मामांनी पॉलिसीचं पुस्तक वाचलं. भिंग घेऊन वाचलं. मी बरंच काही वाचलेला माणूस आहे. घटना वाचली, कामगार कायदे वाचले, जगातल्या क्रांत्या वाचल्या. पण इतक्या बारीक अक्षरांतलं, इतकं निर्दय पुस्तक मी दुसरं पाहिलं नाही. त्यात मामांना एक वाक्य सापडलं. पॉलिसी घेण्याच्या आधीपासून असलेल्या आजाराचे पैसे मिळणार नाहीत. आणि मग त्यांना कळलं की आपल्या लोकांचे कागद का परत येतात.

आपल्याला डॉक्टर विचारतो, कधीपासून दुखतंय? आपण काय सांगतो? खरं सांगा. आपण सांगतो, "लय वर्षं झाली, डॉक्टर." दुखणं गेल्या आठवड्याचं असलं तरी आपण वर्षांत सांगतो. डॉक्टर ते लिहितो. कंपनी ते वाचते. संपलं.

म्हणून मामांनी नियम केला. पेशंट डॉक्टरकडे जाण्याआधी जिन्याखाली थांबणार. मामा एकच प्रश्न विचारणार, "कवापासून?" आणि खरं उत्तर येईपर्यंत सोडणार नाहीत.

मी जिन्याजवळच्या बाकावर बसून ऐकलेलं सांगतो. कॅम्पातला एक कापडवाला शेठ गुडघा धरून आला. "बीस साल से दर्द है, भोईर." मामा म्हणाले, "शेठ, दुकान कितने साल का?" "बीस." "वो दुकान का उमर हुआ. घुटने का बोलो." शेठनं बराच हिशोब केला आणि ओशाळून म्हणाला, "दिवाली के बाद से."

मामांच्याच गावाकडचा एकजण आला. "मामा, बाप होता तवापासून दुखतंय." मामा हळहळले. "बाप कवा वारला?" तो म्हणाला, "वारला कुठं? ह्यो काय बाहेर बसलाय. त्यानंच आणलाय मला."

हसा, मित्रहो, हसा. मामाही हसायचे. पण हळू हसा, हर्निया.

आता मला सांगा, आपण असं का करतो? आपण खोटारडे आहोत का? नाही! आपल्याला हे शिकवलं गेलं आहे. नळाला दोन दिवस पाणी नाही म्हणून अर्ज केला तर कोण हलतं? दोन महिने लिहावं लागतं. रेशनच्या दुकानात, नगरपालिकेत, कारखान्याच्या टाइम ऑफिसात आज दुखणाऱ्या माणसाकडे कुणी मान वर करून बघत नाही. दहा वर्षं दुखत असेल तर निदान नाव विचारतात. गरिबाला आपलं दुःख वाढवून सांगावं लागतं, कारण खऱ्या मापाचं दुःख या देशात कुणाच्या नजरेत भरत नाही! आणि मग ही विम्याची कंपनी येते, आणि म्हणते, जास्त सोसलंत? मग तुम्हाला काहीच नाही! हा कुठला...

हो सिस्टरबाई. हो. आवाज खाली आणतो.

तर मामा दुखणं वाढवू द्यायचे नाहीत. पण कमीही करू द्यायचे नाहीत, हे लक्षात घ्या. एका नगरसेवकाचा मेहुणा आला होता. साखर पाच वर्षांची, पॉलिसी पाच महिन्यांची. म्हणाला, दोन महिने लिहा. मामा म्हणाले, "रक्ताला विचारतो, ते म्हणलं दोन महिने तर लिहितो." मेहुणा म्हणाला, तुझी बदली करून टाकीन. मामा म्हणाले, "जिन्याखालून कुठं करशील? गच्चीवर?"

आज आपणच त्यांना गच्चीवर आणलं.

आता माझं सांगतो. मी इथे त्यांचा मित्र म्हणून उभा आहे, पण ओळख भांडणातून झाली. आणि त्या भांडणात मी शंभर टक्के चूक होतो. हे वाक्य मी जाहीर सभेत पहिल्यांदाच बोलतो आहे, तेव्हा नीट ऐकून घ्या.

माझी पत्नी कमल अंबरनाथला एका ऑफिसात टायपिस्ट होती. तिनं एका एजंटाकडून स्वतःच्या नावाची मेडिक्लेम पॉलिसी घेतली. मला कळलं तेव्हा मी घरातल्या घरात सभा घेतली. म्हटलं, हा आपल्या शरीरावर लावलेला सट्टा आहे. ती म्हणाली, "बरं." आणि हप्ता भरत राहिली.

त्याच पगारातून तिनं आणखी एक गोष्ट केली. मांजर्लीत नवी इमारत उठत होती, तिथे दोन खोल्या बुक केल्या. बुवापाड्यात आमची एक खोली होती. त्या खोलीत आम्ही दोघं, माझी आई, दोन मुलं, आणि युनियनचे झेंडे, फलक आणि पोस्टरं चिकटवायच्या खळीची बादली. कमलला दुसरी खोली हवी होती. ती म्हणायची, "एक खोली क्रांतीला ठेवा, एक मला द्या." बिल्डरचा पुढचा हप्ता गणपतीच्या आत द्यायचा होता. नाहीतर खोल्या दुसऱ्याला.

त्या पावसाळ्यात आमचा कारखान्याशी झगडा लागला आणि मी गेटवर बेमुदत उपोषणाला बसलो. सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारी मागण्या मान्य झाल्या, मी लिंबू सरबत घेतलं आणि गळ्यातल्या हारासकट घरी आलो. बघतो तर कमल भिंतीला टेकून बसलेली, घामानं भिजलेली, पोट धरून. तसाच रिक्षात घालून तिला इथे आणलं.

आणि मामा त्या दिवशी नव्हते. भातलावणीला गावी गेले होते. जिन्याखालचं टेबल रिकामं. मी थेट आत.

आत एक तरुण डॉक्टर होता, साईंचा असिस्टंट. त्यानं विचारलं, कधीपासून दुखतंय? कमलनं बोट वर केलं. मी म्हटलं, "तू बोलू नकोस, तुला त्रास होईल." आणि मी सुरू झालो. पाच दिवसांचा उपाशी होतो, त्यात आवाज परत आलेला. म्हटलं, "डॉक्टर, ही पोटदुखी आजची नाही! वीस वर्षं ही बाई सोसते आहे! पहाटे उठून डबे, मग ऑफिस, मग चूल! या पोटात एकट्या बाईचं दुखणं नाही, एका अख्ख्या वर्गाचं दुखणं आहे!" त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. कमलनं पुन्हा बोट वर केलं. मी तिचा हात हातात घेतला, म्हणजे बोटासकट घेतला. एवढ्यात साईं आले आणि म्हणाले, "नेताजी, भाषण बाहर, पेशंट अंदर."

अपेंडिक्स होतं. थोडा उशीर झाला असता तर फुटलं असतं. साईंनी लगेच ऑपरेशन केलं, कमल वाचली. साईं, त्याबद्दल मी तुमचा जन्माचा ऋणी आहे. पण तुमच्या त्या भावनाशील असिस्टंटनं केस पेपरवर लिहिलं होतं: पोटदुखी, वीस वर्षांपासून.

आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. उरलेली सहा वर्षं मी माझ्या सासुरवाडीच्या नावावर टाकली होती.

बिल्डरचा हप्ता ऑपरेशनला गेला. कमल म्हणाली, काळजी नको, क्लेम येईल. आणि पत्र आलं. आजार वीस वर्षांचा, पॉलिसी दोन वर्षांची, क्लेम नामंजूर. कमलनं पत्र वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "वीस वर्षं कुणी सांगितली?" घरात माझी आई होती, मुलं होती, मी होतो. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं.

मी तडक इथे आलो. मामा पहिल्यांदा भेटले. मी म्हटलं, "केस पेपर काढा. वीस वर्षं खोडा, वीस दिवस लिहा."

"नाय जमणार."

"एक शब्द बदलायचा आहे!"

"पुढारी, खोडलेला कागद म्हंजे मेलेला कागद. आन् वीस दिस तरी खरं हाय का?"

मी म्हटलं, तुम्ही कंपनीचे दलाल आहात. मी म्हटलं, उद्या मोर्चा आणतो. मामा म्हणाले, "आणा. सकाळी दहाच्या आत आणा, मंग ओपीडीची गर्दी व्हते."

मी आणला. पंचवीस कामगार, झेंडे, घोषणा. मामा जिन्याखालून उठून बाहेर आले. मला वाटलं हात जोडतील. त्यांनी पहिल्या रांगेतल्या आमच्या एका सोबत्याकडे बघितलं आणि विचारलं, "पाय ओढत चालतोस. कवापासून?" तो घोषणा अर्धी टाकून म्हणाला, "चार-पाच दिस झाले, मामा." "बस तिथं." मग दुसरा खोकला. त्यालाही बाकावर जागा मिळाली. मित्रहो, अर्ध्या तासात माझ्या मोर्च्यातले नऊजण रांगेत बसले होते, आणि झेंडे छत्र्यांच्या स्टँडमध्ये उभे होते. फितुरी, मंदी, मालकांची फूस, काही नाही. एका साध्या चौकशीनं मोर्चा फुटला!

मग मामा माझ्याकडे वळले. "आता पेशंटला पाठवा."

"मी सांगतो ना."

"तुमी सांगितलं, त्याचंच निस्तरतोय. पेशंटला पाठवा. एकलीला."

दुसऱ्या दिवशी कमल आली. मी सोबत होतोच. मामांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मध्ये पडदा ओढला. पडद्यातून सगळं ऐकू येत होतं. मामांना ते माहीत होतं.

"कवापासून, ताई?"

"मंगळवारपासून. सकाळी साडेनऊला, बसस्टॉपवर. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे."

एका दमात. वार, वेळ, जागा. वीस वर्षांचं भाषण मी ठोकलं होतं, आणि उत्तर होतं चार दिवस.

मामा म्हणाले, "मंग घरात बोलला का नाय?"

"हे उपोषणाला बसले होते. गेटवर रोज ह्यांचं वजन करत होते, रोज बातमी यायची. घरात एका पोटाची बातमी चालू होती. त्यात दुसरं कुठं काढू?"

मित्रहो, मी बाकावर बसून होतो. शेजारी तो पाय ओढणारा सोबती, पट्टी बांधून घ्यायला आलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे तोंड वळवलं. कामगारांत अशी सभ्यता असते.

मामांनी विचारलं, काही पुरावा? कमल म्हणाली, "मंगळवारी ऑफिसात अर्धी रजा टाकली. अर्जात पोटदुखी लिहिलंय. त्याआधी आजारपणाची एकही रजा नाही, मस्टर बघा." मामा स्वतः तिच्या ऑफिसात गेले आणि मस्टरचा सही-शिक्क्याचा उतारा घेऊन आले. साईंनी लिहून दिलं की दुखणं ताजं होतं. आता एकच कागद उरला. वीस वर्षांची माहिती देणाऱ्याचा खुलासा. म्हणजे माझा.

मी रात्रंदिवस निवेदनं लिहिणारा माणूस. चार पानं लिहिली. स्त्रीच्या कष्टांचा इतिहास, विमा व्यवसायाचं स्वरूप, सगळं आलं. मामांनी भिंगाशिवाय वाचलं आणि म्हणाले, "झकास. हे वाचून कंपनीचा साहेब युनियनमध्ये येईल. पण क्लेम नाय येणार." मग स्वतः सांगितलं, मी लिहिलं. "माझ्या पत्नीच्या आजाराची माहिती मी दिली. ती तिला न विचारता दिली. ती चुकीची आहे."

तीन वाक्यं. टाळीची जागा एकही नाही. पेन उचलायला मला किती वेळ लागला ते मामांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मी सही करायला वाकलो तर म्हणाले, "थांबा. आधी पेशंटला वाचून दाखवा. बरोबर हाय का बघू दे."

मी उभा राहिलो आणि वाचलं. कमलनं ऐकलं. म्हणाली, "'न विचारता'च्या खाली रेघ मारा."

मी मारली. पट्टी लावून मारली.

गणपतीला आठवडा असताना क्लेम मंजूर झाला. हप्ता भरला, मांजर्लीच्या खोल्या राहिल्या. आम्ही अजून तिथेच आहोत. उल्हास नदी मोठ्या पावसात घरात येते, गुडघाभर येते. मी मामांना म्हटलं होतं, या पुराचाही विमा काढू. म्हणाले, "नदी तुमच्या आधीपास्नं तिथं हाय, पुढारी. आधीचा आजार."

नंतर मामा आणि मी मित्र झालो. ते माझ्या सभांना यायचे, मागे उभे राहायचे. मी म्हटलं हजारो कामगार, की ते नुसते हॉलमधल्या खुर्च्यांकडे बघायचे. मी आकडा कमी करायचो. युनियनमध्ये लोक म्हणू लागले, भाऊंची भाषणं हल्ली छोटी झाली. छोटी झाली आणि, एक नवल सांगतो, मालक उत्तरं द्यायला लागले. अकरा पंखे बंद आहेत म्हटलं की अकरा पंखे दुरुस्त होतात. कामगारांचा श्वास कोंडतो आहे म्हटलं होतं, तेव्हा नुसतं कौतुक झालं होतं.

आता शेवटाकडे येतो.

मी खिशात भाषण लिहून आणलं आहे. त्यात लिहिलं आहे, भोईरमामा लोकांसाठी आयुष्यभर झिजले, स्वतःच्या जिवाकडे त्यांनी कधी बघितलं नाही. वाक्य चांगलं आहे. पण खरं आहे का? मला माहीत नाही. मी त्यांना दुपारी जिन्याखाली बघितलं. घरी बघितलेलं नाही. कदाचित ते रोज रात्री दोन वाट्या भात खाऊन गाढ झोपत असतील. मी न विचारता लिहिलं आहे, म्हणून ते वाचत नाही.

आणि आणखी एक. आज इथे माझ्याआधी तिघं बोलले. एक म्हणाले, वहिनी पार खचल्या आहेत. दुसरे म्हणाले, वहिनी धीरानं उभ्या आहेत. तिसरे म्हणाले, वहिनींना तर अजून खरंच वाटत नाही. वहिनी इथे पुढच्या खुर्चीवर बसल्या आहेत. तासभर आपण त्यांचं दुःख एकमेकांना समजावून सांगतो आहोत, आणि मगाशी त्यांनी बोलायला म्हणून दोनदा मान वर केली तेव्हा आपण त्यांना पाणी आणून दिलं.

वहिनी, मी आता खाली बसतो. तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा. रडायचं असेल तर रडा, मामांची तक्रार करायची असेल तर ती करा. कुणी मध्ये बोलणार नाही, मीही नाही. आणि तुम्हाला बोलावंसं वाटत नसेल, तर नुसत्या उठून उभ्या राहा, आम्ही सगळे उभे राहतो आणि तुमच्याबरोबर गप्प राहतो. किती वेळ, ते तुम्ही ठरवा. तुम्ही बसलात की आम्ही बसू.

वहिनी उठल्या. मित्रहो, उठा.